परतीच्या फेऱ्या

डंपरचा नंबर आता आठवत नाही,
चौथ्या गिअरची खरखर आठवते
आणि माहुलला रात्री दोन वाजता
दिवे विझवून मागं घेताना
चाकाखाली लागणारा तो मऊपणा.
एका फेरीचे दीडशे.
डायरीत रेघा मारायचो, पाचवी आडवी.
पाडलेल्या चाळींच्या भिंती, मोरीच्या फरशा,
कुणाच्या तरी ओट्याचा कडप्पा,
सगळं खाजणात.
वर रिफायनरीची ज्योत,
तिच्या उजेडात तिवरं दबताना दिसायची.
मी बघायचो नाही असं नाही.
बघून रेघ मारायचो.

आता साठीला आलोय, तर तोच राडा उपसायला
रोजावर आहे. पोकलेनवाल्याला हात करतो :
इथं खोल, इथं जपून.
काका, भराव कुठवर आहे ते तुम्हाला कसं कळतं?
अंदाज, मी म्हणतो.

पहिल्या वर्षी साहेबांनी रोपं लावली, दोन हजार,
काळ्या पिशव्यांतली, शाळेच्या प्रार्थनेसारखी रांगेत.
फोटो झाले. चैत्रापर्यंत काड्या उरल्या.
चांगुणा वैती बांधावर कालवं फोडत होती,
हातातला कोयता न थांबवता म्हणाली,
"झारां लावू नुको र. पान्याला वाट दे.
झारां आपसूक येतान."

मग आम्ही पाणी लावलं.
बांध तीन जागी फोडला.
बुजलेल्या नाल्याची वळणं तिला तोंडपाठ,
ती पुढं चालत गेली, मागून पोकलेन.
अवसेच्या उधाणाला पाणी आलं,
मोठ्यानं नाही,
बऱ्याच वर्षांनी घरी आलेलं माणूस
उंबऱ्याशी थांबतं तसं थांबून.
श्रावणात बिया वाहत आल्या, बदामाएवढ्या,
उरणच्या की ट्रॉम्बेच्या, कुणी विचारलं नाही.
निवट्या आल्या. फुटक्या बेसिनवर चढून बसल्या.

चौथ्या वर्षी प्रयोगशाळेतली शर्वाणी आली,
गुडघाभर चिखलात उतरून तिनं
पोलादी नळी ठोकली, उपसली, आडवी उघडली.
सडक्या अंड्याचा वास.
ती म्हणाली, हा कर्ब. पान पडतं, वर गाळ बसतो,
खाली हवाच नाही, मग कुजणार कसं?
धूर व्हायचं ते इथं गप्प पडून राहतं,
कोणी उकरलं नाही तर शेकडो वर्षं.
मग बोट ठेवून थांबली.
काळ्यात एक विटकरी पट्टा.
ही रेघ कसली?

मी ओळखली.
पाचवी होती की पहिली, ते सांगता येत नव्हतं.
तिनं लिहून घेतलं : तीन ते अकरा सेंटिमीटर, भराव.
आणि त्याच्या वर
दोन बोटं नवा चिखल, ओला, काळाभोर.

दोन बोटांनी काय होतं, मी विचारलं.
तिनं ज्योतीकडं पाहिलं, मग नळीकडं.
फार नाही, म्हणाली. पण हे परत जात नाही.
नळ्यांना झाकणं लावून ती निघून गेली.

संध्याकाळी हातपाय धुताना चांगुणा शेजारी आली.
कालवांची पाटी टेकवली, पदरानं मान पुसली.
"तुज्या गारीचा मागला दिवा
फुटलेला व्हता ना र?"
मला नळ बंद करायचं सुचलं नाही.
तिनंच केला.
"उद्या भांग हाय," म्हणाली,
"पानी कमीच येल. सावकास ये."