रिकामी पाकिटं

रोसामेल, आज पाचशे बारा, एवढंच म्हणालास तू फोनवर,
मग नुसता तुझा श्वास,
पाठीवरचं सिलिंडर उतरवल्यावर येतो तसा.
जाळ्याच्या तळाशी पाचशे बारा सॅल्मन,
काळवंडलेले, पोटं वर.
मरायच्या आधी दोन दिवस ते कडेला येतात,
वरच्या पाण्यात, हळूहळू,
जत्रेत हात सुटलेल्या मुलांसारखे.

तू ते पोत्यात भरतोस.
त्यातले पाच-सहा बर्फातून माझ्याकडे येतात, पोर्तो मॉन्तला,
आणि मी काळीज बशीत उघडते.
काळजावर पांढरे गोल डाग,
ओल धरलेल्या भिंतीवर उठतात तसे.

दिवसा यंत्रापाशी मोठ्यांची रांग. रात्री ते माझं.
पडद्यावर जंतू दिसतो, करडा, बसका,
काहीच करत नसल्यासारखा.
मग त्याच्या अंगावर फोड येतो.
बाहेरचा पापुद्रा फुगतो, देठ बारीक होतो,
तुटतो.
ही कात नव्हे. कात टाकून साप पुढे जातो.
हा आपल्याच कातड्याची पुडी बांधतो,
चिमूटभर विष घालतो आत
आणि सोडून देतो रक्तात.
एका केसाच्या जाडीत
हजारभर पुड्या रांगेने बसतील.
राखणदार पेशी धावतात, पुड्यांवर तुटून पडतात,
साप साप म्हणत भुई धोपटत राहतात,
आणि साप?
त्यातल्याच एकीच्या पोटात वेटोळं घालून.

तुला आठवतं, बाबा रिओ गायेगोसला जायचे,
मेंढ्या कातरायला?
पैसे मुकादमाच्या हाती यायचे, पाकीट टपालाने.
त्यांना लिहिता येत नव्हतं.
पत्ता कुणा दुसऱ्याच्या अक्षरात, आत काही नाही.
आई तरी ते उलटं करून झटकायची,
मग नाकाशी धरायची.
लोकरीचा तेलकट वास.
‘आहे,’ म्हणायची, आणि बटाटे चुलीवर चढवायची.
एकदा पाकिटाला वास नव्हता.
ती चुलीपाशी गेलीच नाही.
शाल घेतली, धक्क्यावर गेली, प्रत्येक बोटीला विचारत.
बातमी यायला अजून नऊ दिवस होते,
पण आपलं घर त्या रात्रीपासून
दाराकडे तोंड करून झोपायला लागलं.

मी सध्या तेच करते, रोसामेल.
जंतू गाळून टाकते, पुड्या ठेवते.
यंत्र तासन्‌तास गरगरतं, आणि नळीच्या तळाशी उरतो
मधाचं बोट पुसल्याएवढा डाग.
बोटभर लांबीच्या पिल्लांना तो टोचते.
पुडी आहे, पुडी बांधणारा नाही.
शरीर तिला उलटसुलट करतं, हुंगतं,
आणि वास लक्षात ठेवतं.

पाच आठवड्यांनी खरा जंतू सोडला.
चाळीसपैकी एकतीस जगले.
शेजारच्या टाकीत नुसतं खारं पाणी टोचलेले, सहा.
टोचणारी मीच. कुठल्या टाकीत काय,
हे मला माहीत नसायला हवं होतं.
माहीत होतं.
त्या टाकीतली पिल्लं कडेला यायला लागली
तेव्हा मी दिवा मालवून बसले.

हेच सांगायला फोन केला होता,
एकतीस.
पण तू आधी पाचशे बारा म्हणालास.
मग हातमोज्याला पडलेल्या भोकाबद्दल बोललो आपण,
उद्याच्या लाटांबद्दल,
डिझेलच्या भावाबद्दल.
शिवाय एकतीस म्हणजे काय?
तुझ्या एका पोत्यातही तेवढे मावतील.

आईच्या पेटीत अकरा पाकिटं आहेत,
सुतळीने बांधलेली. मागच्या वेळी मोजली.
नाकाशी धरली तर आता फक्त पेटीचा वास येतो.
बारावं, ते बिनवासाचं,
तिने जाळलं, की वेगळं ठेवलंय कुठे,
आपण दोघांनीही कधी विचारलं नाही.