कान

केणीबाईंनी वही आणली.
शाळेची, दुरेघी, कव्हरवर ससा.
आत तारखा, आणि तारखेपुढे जागा:
चार जानेवारी, घणसोलीहून निघाले, काटा तळाला.
रबाळे, तळाला.
दिघ्याच्या सिग्नलला थांबले तर जरासा उठला,
कळव्याच्या पुलावर वारा लागला, पुन्हा निजला.
पाच जानेवारी, तेच.
सहा, रविवार, गाडी काढली नाही.

वीज मंडळात बत्तीस वर्षं मीटर वाचलेली बाई.
म्हणाल्या, "गाडी तापते म्हणून लोक येत असतील तुमच्याकडे.
माझी तापत नाही. ही तक्रार चालते का?"

चालते.
अशा इंजिनाला वाटत राहतं, आत्ताच तर उठलोय,
आणि ते चुळा भरल्यासारखं पेट्रोल पीत राहतं.
कळत कुणाला नाही. भर रस्त्यात बॉनेट उघडून
चारचौघांत वाफ सोडली तरच ना.

गाडी रात्रभर विटाव्याला माझ्या दारात ठेवून घेतली.
सकाळी सात. कूलंट भरलेलं, हिरवंगार.
पंखा गप्प, कुणी डायरेक्ट जोडलेला नाही, तेवढं बरं.
चावी फिरवली आणि वरचा होज मुठीत धरला,
डॉक्टर मनगट धरतो तसा नाही,
विहिरीत घागर कुठवर गेली हे कळायला
दोर धरतात, तसा.

तो गार राहायला हवा होता.
इंजिनाने आधी आपलं पाणी आपल्यापाशी ठेवायचं,
पुरतं तापलं की मग दार उघडून रेडिएटरकडे धाडायचं.
इथे पहिल्याच मिनिटाला कोमट.

"थर्मोस्टॅट अडकलाय," मी म्हणालो, "उघडाच राहिलाय."
दहा नंबरचा पाना, दोन बोल्ट.
उघडलं, तर अडकायला आत काही नव्हतंच.
रिकामी वाटी. तळाला तांबूस गाळ.

कुठल्या गाढवाने काढला,
यातलं 'कुठल्या गाढ' इतकं तोंडातून गेलंही होतं,
तेवढ्यात गास्केट हाताला लागलं.
हाताने कापलेलं, कडेवर हातोडी टोचून टोचून,
आणि एका कोपऱ्याला
नखाएवढा कान.

कंपनीच्या गास्केटला कान नसतो.
तुर्भ्यात कुणी ठेवत नाही, कळव्यात कुणी ठेवत नाही.
इस्माईल चौगुले ठेवायचे.
"उद्या कुणीतरी उघडणार ना रे,
त्याला धरायला नको काही?"

तेव्हा गाडी कुणाची होती, कोण जाणे.
पण तो मे आठवला, किंवा त्याच्यासारखाच एखादा,
गायमुखच्या चढावर एकेक गाडी बसलेली,
माजिवड्याला आमच्या दारात दोर बांधून आणलेल्यांची रांग,
आणि उस्ताद थर्मोस्टॅट काढून डालड्याच्या डब्यात टाकतायत:
"आपल्याकडे थंडी पडते कुठे? फिरू दे पाणी."
मी चौदाचा. डबा धरून उभा.
"परत कधी लावायचे?"
"थंडी आली की."

सतरा वर्षांनी आली,
ससा असलेल्या वहीत लिहून.

नवा आणला. त्यावर ब्याऐंशी कोरलेलं.
खात्री म्हणून चहाच्या पातेल्यात सोडला, गॅस बारीक.
केणीबाई चष्मा वर करून वाकलेल्या.
पाणी कुजबुजायला लागलं, आणि तो हलला,
चिमणीने चोच उघडावी एवढाच.
"अय्या," म्हणाल्या.

डब्यातलं गास्केट बाजूला ठेवलं.
शीट घेऊन मीच कापत बसलो, उगाच वेळ लावत.
"कुणी काढला असेल हो?"
"असेल कुणीतरी. उन्हाळा असेल."
"आणि हे टोक? कापायचं राहिलं का?"
"राहू दे ते."

दुसऱ्या दिवशी फोन आला,
ऐरोली यायच्या आत काटा मध्यावर.
वहीत लिहिलंत का, मी विचारलं.
म्हणाल्या, आता कशाला.