रुमालाखालचा भाव

आधी दुखली ती दाढ,
वरची, उजवीकडची.
गणपती पेठेतल्या दातवाल्यानं उपटून हातात दिली :
पांढरीशुभ्र, किडीचा ठिपका नाही.
दुखणं मात्र तिथंच,
घर पाडलं तरी न उठणाऱ्या भाडेकरूसारखं.

चौथ्या दिवशी फोड उठले,
टाळूला, ओठाला, कानाच्या पाळीत,
आणि नाकाच्या बरोबर मध्यावर थांबले,
मोजणीदारानं साखळी टाकून हद्द ठरवावी तसे.
डावा मी तसाच. सातबाऱ्यावर बिनबोजाचा.

"नागीण," पद्माची आत्या उंबऱ्यातूनच म्हणाली.
"गेरू लावा. तोंडाला शेपूट मिळू देऊ नका."
तोंड तर माझंच होतं.
शेपूट कुठं शोधू?

मिरजेचा डॉक्टर म्हणाला, साप कसला हो,
लहानपणी कांजिण्या आल्या असतील ना,
त्याच. नसेच्या मुळाशी पडून होत्या.
साठ वर्षं!
कवठ्याच्या घरी आईनं लिंबाच्या पाल्यावर निजवलेलं,
एवढंच आठवलं मला.

फोड वाळले. गाल उतरला तो उतरलाच.
उजवा डोळा मिटत नाही,
झोपताना पद्मा चिकटपट्टी लावते.
चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर.
अर्ध्या जिभेला गूळ गोड,
उरलेल्या अर्धीला ओला कागद.

एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारले.
राजापुरीच्या ढिगावर उभा राहिलो
की पार रस्त्यावरचे हमाल मान वळवायचे.
आता "भाव" म्हणायला ओठाला ओठ मिळत नाही.
प फ ब भ म,
पाटीवरची पाचवी ओळ कुणी थुंकी लावून पुसली.
"पद्मा" म्हणतो, "हद्दा" होऊन पडतं खाली.
ती ओ देते.

रात्री पंख्याचा वारा गालाला लागला
की भाजल्या जागेवर मीठ चोळल्यासारखं होतं.
पंखा बंद, उकाडा, दोघंही जागी.
"खूप दुखतंय का?" याला मान हलवून उत्तर देता येत नाही.
मान हलली की तेच दुखतं.

परवा तिनं माझ्या हातावर टॉवेल टाकला,
जुने अडते टाकायचे तसा,
आणि खालून बोटं धरली. किती?
मी चार दाबली.
तिनं तीन.
मी चार.
तिनं तीन, आणि अंगठा अर्धा.
हसू आलं. डाव्याच बाजूला आलं.
दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हाही
सौदा तुटला नव्हता.