खिळा मारण्यास मनाई

प्रति, माननीय सहायक संचालक, पुरातत्त्व.
विषय : एक खिळा.

महोदय,
खाडीच्या तोंडावरची ही बंदर कचेरी आपल्या यादीत आली
त्याला सात वर्षं झाली.
दारावरचा निळा फलक म्हणतो : भिंतीस इजा करील तो शिक्षेस पात्र.
खारा वारा रोज इजा करतो.
त्याची नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावावी
ते कळवावे.

इथे आधी जकात होती.
जांभ्याच्या ओट्यावर काटा, काट्यापुढे रांग,
खजूर, सुंभ, मंगलोरी कौलं,
आणि चोरटं मीठ पकडायला
शिपाई बायकांना आपलाच तळवा चाटायला लावत,
असं खारवी वाडीत अजून सांगतात.
मग मामलेदार आला. मग मामलेदाराचा साहेब गेला,
झेंड्याची काठी तीच राहिली, दोरी बदलली.
मग रेशनकार्डं, मग काही वर्षं नुसती वटवाघळं.
आता सेतू केंद्र :
सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नौकेचा परवाना.
कोठडीत सर्व्हर ठेवलाय.
गजांमागे हिरवा दिवा लुकलुकतो
आणि लाइट गेली की
कैदी सुटतो.

कॅलेंडर मी खिडकीला सुतळीनं बांधलंय,
वारा आला की पुढचा महिना दिसतो.
सबब, एक खिळा

इथवर टाइप झालं होतं
तेवढ्यात जैतूनबी सोलकर आल्या.
घराच्या जागेवर अजून आजेसासऱ्याचं नाव.
संगणक त्याच्या मृत्यूची तारीख मागतो,
रकाना कोरा सोडू देत नाही.
"मेला कवा ता कोण सांगणार? हयनाच गेला ना तो,
तुमच्याच धक्क्यावरना."

मग कपाट सरकवलं.
बंदराची वही निघाली, कसरीनं खाल्लेली, मोडीतली.
मोडी वाचणारे बिवलकर गुरुजी हल्ली मुलाकडे, पुण्यात.
व्हिडिओ कॉलवर पान धरलं.
"जरा वर घे. हां. इब्राहिम तांडेल.
माल कौलं. खलाशी नऊ.
निघाली : कार्तिक वद्य पंचमी."
आणि आली?
गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"पुढचा रकाना कोरा आहे रे."

त्या काळी कोरा सोडता येत होता.

जैतूनबींनी ते पान तळव्यानं एकदा सपाट केलं.
बघू, म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार.
बसायला खुर्ची नव्हती, हातात पिशवी जड,
त्यांनी इकडेतिकडे पाहिलं
आणि कपाटामागच्या भिंतीवर ती सहज अडकवली.

महोदय,
अर्ज मागे घेत आहे.
खिळा आढळून आला. चौकोनी, हातघडीचा, गंजलेला,
बहुधा काट्याच्या वेळचा, म्हणजे आपल्याच यादीतला.
त्यावर सध्या एक पिशवी आहे.
पिशवीत अर्धा किलो तांदूळ, आधार कार्ड, सुके बांगडे.
भिंतीस इजा नाही.