पिंजरा म्हणायचं नाही

पिंजरा म्हणायचं नाही, डॉक्टर लोबोंनी बजावलंय,
घर म्हणायचं. त्याचं घर.
मी म्हणते.
पण तारेला हात लागला की बोटं खरं बोलतात.

भांडुपच्या एका कुटुंबाकडून आणला, आठशे रुपयांत.
त्यांचा कुत्रा गेला, चौदाव्या वर्षी.
बाईंनी ट्रे घासून दिला होता,
तरी उजव्या कोपऱ्यात दातांच्या खुणा आहेत,
आणि आमचा कोकम
(रिक्षास्टँडमागे सापडलेला, वजन दोन किलो सातशे)
आत गेल्यागेल्या तोच कोपरा हुंगतो.

नियम सोपा आहे:
रडत असेल तेव्हा दार उघडायचं नाही.
गप्प झाला की उघडायचं.
म्हणजे त्याला कळतं, गप्प बसलं की माणूस येतं.
आमच्याकडे उलटं होतं,
हाक मारली की आई यायची.
मी हे डॉक्टरांना बोलले नाही.

पहिल्या रात्री आधी किरकिर, मग तारेवर नखं,
मग कुकर निवताना येतो तसा
एक बारीक, न संपणारा सूर.
दीड वाजता खालून झाडूचा दांडा, तीन ठोके.
पहिल्या मजल्यावरच्या पेडणेकर बाई.
कोकम दचकून गप्प.
गप्प झाला! मी धावले, दार उघडलं, बिस्कीट दिलं.
आता त्याला नेमकं काय कळलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या रात्री मी चटई टाकली पिंजऱ्याशी,
घराशी,
आणि करंगळी तारेतून आत.
ती चोखत तो झोपला.
हाताला मुंग्या आल्या, खांद्यापर्यंत,
काढायची छाती होईना.
दोन दहाला कडेवर घेऊन शूला नेला.
वॉचमन रामअवधने खुर्चीतूनच
टॉर्चचा झोत गवताकडे फिरवला,
रोजचंच गिऱ्हाईक असल्यासारखा.

तिसऱ्या रात्री खाडीकडून कोल्हे ओरडले.
कन्नमवार नगरात अजून ऐकू येतात कधीकधी,
कांदळवन थोडं उरलंय म्हणून.
कोकमचे कान उभे, म्हणजे एक उभा, दुसरा निम्मा.
रडणं मध्येच टाकून त्याने ऐकलं,
आणि मला वाटलं, आता हा उत्तर देणार,
आता हा माझा राहत नाही.
त्याने जांभई दिली.

चौथ्या रात्री रडला, पण खालून ठोके आले नाहीत.
मी वाट बघितली, खरं सांगायचं तर.

पाचव्या रात्री अकराला आपणहून आत शिरला,
माझ्या जुन्या परकरावर तीन गिरक्या,
नाक शेपटीत.
बारा. एक. दोन.
फ्रिज एवढा मोठ्याने वाजतो
हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं.
तीनला उठून मोबाईलच्या उजेडात बघितलं
पोट हलतंय का.
हलत होतं.
साडेचारला पाणी आलं, पिंपं भरली,
झाकणं आपटली मुद्दाम.
उठला नाही.

सहाला बेल.
दारात तारामती पेडणेकर, गाऊनवर टॉवेल,
हातात वाटी, वाटीत दूधभात.
"रात्रभर आवाज नाही," म्हणाल्या,
"म्हटलं, झालं काय पोराला?
चार दिवस ह्याच्यामुळे डोळ्याला डोळा नाही,
आणि काल ह्याच्यामुळेच नाही."

दूध देऊ नका, असं डॉक्टर म्हणालेत.
मी वाटी घेतली.
आमच्या आवाजाने कोकम जागा झाला,
पुढचे पाय ताणून आळस दिला,
आणि नाकाने दार ढकलून बाहेर आला.
कडी लावायची
रात्री राहूनच गेली होती.