खलाटे, भि.

नवी पेठेतली अभ्यासिका, टेबल सत्तावीस.
रात्री साडेदहाला माझा पोर्टफोलिओ
चोवीस एमबीचा झालाय. मर्यादा वीस.
कालव्याचे फोटो बारीक करत बसलेय:
जनता वसाहतीजवळचा, हडपसरचा,
आणि आकृती चार, जिच्यात पाण्यापेक्षा
खलाटेकाकांची सावलीच जास्त आलीय.

आडनाव आधी. स्वल्पविराम. आद्याक्षर. कंसात वर्ष.
पुस्तकांचं बरं असतं, ती छापून मोकळी होतात.
पण "पाणी सोडलं की आधी वास येतो, मग आवाज,
पाणी आपलं सगळ्यात शेवटी"
हे काका बोलले ते व्हॉल्व्हच्या चाकावर
अंगाचा सगळा भार टाकून,
माझ्याकडे न बघता.
तारीख मी लिहून घेतली नाही.
नियमात बसतं ते एवढंच: वैयक्तिक संभाषण.
आणि खाली टीप,
असे उल्लेख सूचीत घेऊ नयेत.

साडेअकरा. वाङ्मयचौर्याची तपासणी आली: दोन टक्के.
लाल रंगात एकच ओळ,
"हे संपूर्ण काम माझे स्वतःचे आहे."
वर्गातल्या बासष्ट जणांशी जुळतेय.

ती खोडता येत नाही, सक्तीची आहे.
मग सूचीत, क आणि ग यांच्या मधोमध
काकांना बसवलं.
वर्षाच्या जागी लिहिलं: पहाटेची पाळी.

अजून वीसच्या वर.
आकृती चारवर बोट ठेवलं, उचललं.
पहिल्या पानावरचा माझा हसरा फोटो काढला.

गेली फाइल.