एकास हजार

सशाची अँटिबॉडी तिसऱ्यांदा फसली.
नवा लॉट, पुठ्ठ्याचा खोका, कोरडा बर्फ,
कस्टममध्ये चार दिवस अडकून परळला पोचली
आणि काचपट्टीवर नुसता हिरवा चिखल.
सगळ्यालाच चिकटली, म्हणजे कशालाच नाही.

पेडणेकर निवृत्तीला आलेले. म्हणाले,
"उणे ऐंशीत बघ, खालचा कप्पा, डावीकडे.
बाईंचं सीरम असेल थोडं."
हातमोज्याने बर्फ खरवडला.
बोराएवढी कुपी, झाकणावर बॉलपेनने ४१,
आत नखभर काहीतरी
जुन्या तुपासारखं गोठलेलं.

नाव सांगायचं नसतं. त्यांनी सांगितलं.
मी इथे ते बदलून लिहिते: चांगुणा.
भाऊच्या धक्क्यावर कोलंबी निवडायची,
पहाटे तीनपासून, कोपरापर्यंत बर्फात.
आधी बोटं पांढरी पडायची, मग जांभळी,
मग लाल होऊन ठणकायची.
बर्फाचं काम आहे, होणारच, म्हणाल्या सगळ्या.
मग कातडी ताठ झाली.
अंगठी सोनाराकडून कापून काढली.
मूठ मिटेना, सुरी धरवेना.
ओपीडीत तिने एवढंच विचारलं,
"भाकरी थापता येईल ना?"

तिचं रक्त तिच्यावरच उठलं होतं.
शत्रू शोधायला निघालेलं,
आणि घरातलीच एक गाठ धरून बसलेलं:
गुणसूत्राची कंबर,
पेशी दुभंगताना जिथे दोर बांधतात
आणि दोन्हीकडून ओढ सुरू होते.
तिथली प्रथिनं, ए, बी, सी.
सशाला महिनोन् महिने टोचून जे धड शिकवता येत नाही
ते हिच्या रक्ताला न शिकवता येत होतं.
याला गुण म्हणावं की दुखणं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकास हजार.
एक थेंब ती,
नऊशे नव्व्याण्णव थेंब खारं पाणी.
रात्रभर चार अंशांवर.
म्हणजे पुन्हा थंडीतच.
सकाळी तीनदा धुतलं,
वर दुसरी अँटिबॉडी सोडली,
जी फक्त माणसाचं ओळखते आणि दिवा घेऊन जाते.

अंधारी खोली. एसीची घरघर.
खाली फुटपाथवर पेशंटांच्या नातेवाइकांच्या पथाऱ्या.
फोकस फिरवला.
निळ्यात ठिपके,
दोन दोन, दोन दोन,
एकही भलत्या जागी नाही.

एकदा तिला वर आणली होती, पेडणेकर सांगतात.
चपला दाराबाहेर काढल्या तिने, नको म्हटलं तरी.
डोळा लावून बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "या तर होड्या.
रातच्या, जोडीनं जाळं ओढणाऱ्या."
आणि थोड्या वेळाने,
"एवढं दिसतंय तुम्हाला. मग बरं का होत नाय?"
पेडणेकर चहा आणायला गेले.
ग्लास तिने दोन्ही तळव्यांत दाबून धरला,
बोटांनी धरता येत नव्हता म्हणून.

पेपर गेला. पद्धतीच्या परिच्छेदात ती अर्धी ओळ आहे:
मानवी सीरम, एकास हजार.
परीक्षकाने उलट विचारलं,
कंपनी कोणती? कॅटलॉग क्रमांक?
रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही.
मी ४१ लिहिलं.
कंपनीच्या जागी बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.

कुपीत अजून सात मायक्रोलिटर आहे.
ते वापरायचं नाही, असं मी ठरवलंय.
पेडणेकर हसतात.
"मग ठेवून काय करणार? ती काय तिथे राहते?"
मी झाकण घट्ट करते.
उणे ऐंशीचं दार लावताना
माझी बोटं क्षणभर पांढरी पडतात,
आणि लगेच
पूर्ववत होतात.